नोकरी सोडून गेम बनवायचा तर आधी महिने मोजा

तुमची परिस्थिती मला कळली ती अशी. वय ३२, ऐरोलीत आयटीत नोकरी, हातात येणारा पगार ९५ हजार. घणसोलीतल्या फ्लॅटचा हप्ता धरून घरखर्च महिना ७० हजार. बायको शाळेत शिकवते, तिचे ३२ हजार. साठवलेले ९ लाख. शनिवार-रविवार बसून एका कोड्यांच्या गेमचा कच्चा नमुना केलाय, मित्रांना आवडलाय. आता नोकरी सोडून दीड वर्षात तो पूर्ण करायचा आणि स्टीमवर, म्हणजे संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, ९.९९ डॉलरला विकायचा विचार आहे. प्रश्न तीन: किती प्रती विकल्या तर भागेल, पब्लिशर (आगाऊ पैसे देऊन, प्रचार करून विक्रीत वाटा घेणारी कंपनी) घ्यावा का, आणि राजीनामा देऊ का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. आत्ता नको. कधी द्यायचा तेही सांगतो, पण त्यासाठी मला माझी वही उघडावी लागेल.

वही म्हणजे खरोखरची, लाल पुठ्ठ्याची. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आम्ही तिघं बसायचो. खाली खोकी बनवण्याचा कारखाना. त्याच्या पंचिंग मशीनची धडधड आमच्या पहिल्या गेमच्या दोन-तीन आवाजांत आजही ऐकू येते. रात्री रेकॉर्डिंग करायचं सुचेपर्यंत उशीर झाला होता. २०१६ च्या मार्चमध्ये गेम सुरू केला. चौदा महिन्यांत संपवायचा बेत होता, लागले एकतीस. खिशातून गेले १३ लाख ४० हजार: गाळ्याचं भाडं, एका आर्टिस्टचा पगार, दोन संगणक, ट्रेलर, भाषांतर, वीज. माझा आणि माझ्या भागीदाराचा पगार यात धरलेला नाही, कारण आम्ही तो घेतलाच नाही. ही पहिली चूक. वहीत जो खर्च लिहिलेला नसतो तोच सगळ्यात मोठा असतो, हे मला वही भरल्यावर कळलं.

ऑक्टोबर २०१८ मधल्या एका गुरुवारी लाँच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सकाळचे दहा म्हणजे त्या दिवसांत आपले रात्रीचे साडेदहा. खालचा कारखाना बंद, स्टेशनजवळून आणलेले वडापाव टेबलावर, आणि आम्ही तिघं एका आलेखाकडे बघत बसलेलो. विशलिस्टमध्ये, म्हणजे ‘आला की घ्यायचाय’ अशी खूण करून ठेवलेले, २,१४० लोक होते. साडेबारापर्यंत ४१ प्रती गेल्या. त्यातल्या सहा सकाळपर्यंत परत आल्या, कारण स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेम परत करता येतो. परत करताना लोक कारणही लिहितात. पहिलं कारण होतं, ‘मजा आली नाही.’ दुसरं, ‘चुकून घेतला.’ दुसरं वाचून जास्त बरं वाटलं.

पहिल्या वर्षात १,९०० प्रती गेल्या. आमच्या वर्तुळात कोणी म्हणालं नाही की गेम पडला. उलट अभिनंदन झालं. आता या १,९०० प्रतींचं काय होतं ते बघा. छापील किंमत ९.९९ डॉलर, पण सवलतीच्या काळात गेलेल्या आणि भारत, ब्राझील, तुर्कस्तानसारख्या देशांत कमी दरानं गेलेल्या धरून सरासरी पडली ६.२० च्या आसपास. म्हणजे एकूण सुमारे ११,८०० डॉलर. त्यातून परत आलेल्या प्रती आणि देशोदेशीचे विक्रीकर वजा केले की राहिले ९,७०० च्या आतबाहेर. त्यावर दुकानाचे तीस टक्के. राहिले ६,८०० च्या खाली. मग अमेरिकेत झालेल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो. भारत आणि अमेरिका यांच्यात करार आहे, त्यामुळे रॉयल्टीवर तो पंधरा टक्के लागतो. पण त्यासाठी स्टीमच्या करविषयक अर्जात आपला पॅन नीट भरावा लागतो. मी ती जागा मोकळी सोडली होती. पहिले दोन महिने पंधराऐवजी तीस टक्के कापले गेले. हाती उरले साधारण ६,३०० डॉलर, त्या वेळच्या सरासरी सत्तर रुपयांच्या दरानं ४ लाख ४० हजार.

म्हणजे एका प्रतीमागे २३१ रुपये. आज डॉलर वधारलाय, तेव्हा तुम्ही २८० धरा. किमतीवर ९.९९ डॉलर लिहिलेलं असलं तरी डोक्यात हाच आकडा ठेवायचा.

आता तुमचं गणित मांडू. ७० हजारांतून बायकोचे ३२ गेले की दरमहा ३८ हजारांचा खड्डा. अठरा महिन्यांचे ६ लाख ८४ हजार. गेमवरचा खर्च तुम्ही लिहिलेला नाही. पण चित्रं, संगीत, ट्रेलर, चाचणीसाठी एखादं वेगळं यंत्र, दोन भाषांतरं असं काटकसरीनं धरलं तरी साडेचार लाख. बेरीज ११ लाख ३४ हजार. तुमच्याकडे ९ लाख आहेत. म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरी सव्वादोन लाखांची तूट आहे. आणि ठरल्याप्रमाणे होणार नाही. मला चौदाचे एकतीस लागले. ओळखीतल्या कोणाचाही पहिला गेम सांगितलेल्या तारखेला आलेला मी पाहिलेला नाही. तुम्ही माझ्यापेक्षा शिस्तीचे असाल असं धरून फक्त बारा महिने वाढवतो: आणखी ४ लाख ५६ हजार. एकूण १५ लाख ९० हजार. भागिले २८०. जवळपास ५,७०० प्रती विकल्यावर तुम्ही जिथे होतात तिथे परत येता, म्हणजे ९ लाख बँकेत आणि अडीच वर्षं वयानं मोठे. सोडलेला पगारही भरून निघावा असं वाटत असेल तर आकडा ११,८०० च्या घरात जातो. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून जास्त गेम आले. त्यांतल्या बहुतेकांना पहिला हजारसुद्धा गाठता येत नाही.

किती प्रती, या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पण खरं सांगायचं तर हा प्रश्नच थोडा बाजूचा आहे. आमच्या धंद्यात लोक बुडतात ते प्रती कमी गेल्या म्हणून थेट बुडत नाहीत. पैसा जायचा आणि यायचा यांमधले महिने त्यांना झेपत नाहीत. आमचंच बघा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लाँच झालं. स्टीम त्या महिन्याच्या विक्रीचे पैसे पुढचा महिना संपेपर्यंत पाठवतं. म्हणजे ऑक्टोबरचे पैसे नोव्हेंबरच्या अखेरीस. आर्टिस्टचा पगार १ नोव्हेंबरला. मध्ये दिवाळी. सोसायटीतल्या भिशीत माझा नंबर फेब्रुवारीत होता. शेजारच्या काकूंना विनवून त्यांचा नोव्हेंबरचा नंबर बदलून घेतला आणि ६० हजार उचलले. गेम विकला जात होता, आलेख वर होता, आणि मी जिन्यात उभं राहून काकूंना ‘चार महिन्यांचाच प्रश्न आहे’ म्हणत होतो.

पैसे आले तेव्हा बँकेत अडकले. परदेशातून रक्कम आली की कशाबद्दल आली याचा परपज कोड द्यावा लागतो. नौपाड्यातल्या शाखेत साहेबांनी विचारलं, ‘गेम म्हणजे रमी वगैरे का?’ नाही म्हटलं. ‘मग पैसे कोण लावतं?’ कोणी लावत नाही, लोक विकत घेतात. ‘आणि जिंकल्यावर?’ जिंकल्यावर काही मिळत नाही. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं. नऊ दिवस गेले. आता तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आलाय. आपल्या कामाशी त्याचा संबंध नाही. पण अर्जावर ‘गेमिंग’ हा शब्द दिसला की समोरचा सावध होतो. करंट अकाउंट उघडताना व्यवसायाच्या रकान्यात ‘सॉफ्टवेअर निर्मिती व निर्यात’ लिहा. खोटं काहीच नाही त्यात. परकीय चलन आल्याचा बँकेचा दाखला प्रत्येक वेळी मागून फाइलला लावा. जीएसटी नोंदणी असेल तर निर्यातीवर शून्य कर लागावा म्हणून एलयूटी हे हमीपत्र दरवर्षी भरायचं असतं. अमेरिकेत कापलेला कर इथल्या करातून वळता करून घेता येतो, त्याचाही वेगळा फॉर्म आहे. ते विवरणपत्र भरायच्या आधीच सीएला सांगा, नंतर तो डोक्याला हात लावेल. बाकी कराचं मी सांगत नाही. दोन हजार रुपये देऊन निर्यातीची कामं करणारा सीए गाठा.

मग आम्ही जगलो कशावर? सर्व्हिसवर. आमच्या धंद्यात दुसऱ्याचं काम करून देण्याला हाच शब्द आहे आणि तो जरा खालच्या आवाजात म्हणतात. घोडबंदर रोडच्या बिल्डरांना न बांधलेल्या फ्लॅटमध्ये फिरवून आणणारे त्रिमिती वॉकथ्रू करून दिले. गेम ज्या सॉफ्टवेअरवर बनवतात ते इंजिन, तेच तिथेही चालतं. हॉलमधून दरी दिसली पाहिजे असा एकाचा आग्रह होता. प्रत्यक्षात तिथून शेजारच्या टॉवरचं पार्किंग दिसणार होतं. एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यासाठी आग लागल्यावर काय करायचं याचं व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर चष्मा चढवून आभासी जगात घ्यायचं, प्रशिक्षण केलं. ते काम खरोखर आवडलं. लहान मुलांच्या अभ्यासाचे गेम केले. गेमची स्वप्नं बघणाऱ्या पोरांना हे सगळं कमीपणाचं वाटतं. मला त्यातून मिळालेले पैसे अजून कमीपणाचे वाटलेले नाहीत.

पण सर्व्हिसमध्ये पैसा आहे म्हणून तो वेळेवर येतो असं समजू नका. एका गिऱ्हाइकानं तीन लाखांचं बिल साडेसात महिने लटकवलं. यात गंमत अशी की जीएसटी बिल फाडलं की लागतो. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला तो सरकारला भरायचाच, गिऱ्हाइकानं पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणजे तीन लाखांवर १८ टक्के, ५४ हजार, मी माझ्या खिशातून भरले आणि मग साडेसात महिने मूळ रकमेची वाट पाहिली. पैसे आले तेव्हा टीडीएस कापून आले. तो परतावा पुढच्या वर्षी. यावर मला सापडलेला एकच उपाय सांगतो. उद्यम नोंदणी करा, फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३-२४ पासून तर मुदतीत न दिलेली रक्कम गिऱ्हाइकाला त्या वर्षीचा खर्च म्हणून आयकरात दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की त्यांच्याच अकाउंट्समधून फोन येतो, ‘तुमचा उद्यम नंबर काय?’ बिलावर तो ठळक छापा. आणि तिसरा हिस्सा आगाऊ घेतल्याशिवाय फाइल उघडू नका. ओळखीच्या माणसाचं काम असलं तरी. ओळखीच्याचं असलं तर आधी घ्या.

सर्व्हिसची खरी किंमत पैशात नाही, तारखेत मोजली जाते. बिल्डरचं काम तीन आठवड्यांचं म्हणून घ्यावं तर त्याला सोफ्याचा रंग अकरा वेळा बदलायचा असतो. तेवढे दिवस गेम थांबतो आणि परत सुरू करताना डोकं तिथे न्यायला आणखी आठवडा जातो. आमच्या एकतीस महिन्यांतले निम्मे तरी असे गेले. हे टाळता येतं असं मला वाटत नाही. फक्त आधीच मोजून ठेवता येतं.

लोक तुम्हाला उदाहरणं देतील. लुडो किंग बघ, नवी मुंबईतलाच आहे! आहे खरा. २०१६ मध्ये आला, २०२० च्या टाळेबंदीत घराघरात गेला, दहा कोटी डाउनलोड कधीच ओलांडले. पण तो मोबाइलवरचा, फुकट, जाहिरातींवर चालणारा गेम आहे, आणि ती कंपनी त्याच्या आधी कितीतरी वर्षं छोटे-छोटे गेम करत होती. मोबाइल हा वेगळाच धंदा आहे. जिओ आल्यावर भारतात डाउनलोड वाढले, पण एका भारतीय खेळाडूमागे जाहिरातीतून मिळणारे पैसे फारच किरकोळ, आणि नवा खेळाडू आणायला जाहिरातीवर त्याहून जास्त घालावे लागतात. तुमचा कोड्यांचा गेम तिथे नेऊ नका. पुण्यात बनलेल्या ‘राजी’ या गेमचं उदाहरण तुमच्या जास्त जवळचं आहे. २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून पैसे उभे करायच्या साइटवर त्यांचं लक्ष्य पूर्ण झालं नाही. पुढे एपिक या गेम कंपनीचं अनुदान मिळालं, पब्लिशर मिळाला, २०२० मध्ये गेम आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकनापर्यंत गेला. मधली तीन वर्षं लेखात दोन ओळींत संपतात.

आणि ‘स्टारड्यू व्हॅली’. एकट्या माणसानं बनवलेला गेम म्हणून सगळे एरिक बॅरोनचं नाव घेतात. साडेचार वर्षं लागली त्याला, २०१६ मध्ये गेम आला. तो एका थिएटरमध्ये प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं अर्धवेळ काम करत होता आणि घरखर्चाचा मोठा भार त्याच्या मैत्रिणीनं उचलला होता. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या एकट्याच्या गेममागेसुद्धा एक पगार आहे. तुमच्याकडे बायकोचे ३२ हजार आहेत. ती त्या गेमची पहिली गुंतवणूकदार आहे, हे तिला माहीत आहे का? ९ लाखांतले किती तिचे आहेत? मी हे विचारलं नव्हतं. आमच्या घरात नंतर त्यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

पब्लिशरकडे वळू. पब्लिशर वाईट नसतो, करार वाचायचा असतो. समजा ४० हजार डॉलर आगाऊ देतो म्हणाले. ऐकायला पस्तीस लाख. ही रक्कम टप्प्याटप्प्यानं येते, प्रत्येक टप्पा त्यांनी मंजूर केल्यावर. मंजुरीला सहा आठवडे लागले तर ते सहा आठवडे तुमचे. पुढे लिहिलेलं असतं की आगाऊ रक्कम आणि प्रचाराचा खर्च, समजा १५ हजार, वसूल झाल्यावर निम्मं-निम्मं. आता बघायचं ते हे की वसुली कशातून. दुकानाकडून येणाऱ्या पूर्ण रकमेतून असेल आणि प्रतीमागे साडेतीन डॉलर येत असतील, तर ५५ हजार वसूल व्हायला सुमारे १५,७०० प्रती लागतात, मग तुमचा वाटा सुरू. पण करारात वसुली ‘डेव्हलपरच्या वाट्यातून’ असं लिहिलेलं असेल तर तुमच्या निम्म्यातून ते ५५ हजार फिटायला ३१,४०० प्रती लागतील, आणि त्या सगळ्या काळात पब्लिशर आपला निम्मा वाटा पहिल्या प्रतीपासून घेत असेल. दोन शब्दांचा फरक. मला आलेल्या करारात ते दोन शब्द चौदाव्या पानावर होते. मी सही केली नाही, आणि शहाणपणा होता म्हणून नाही. वकिलाची फी वाचवायला मी स्वतः तीन रात्री जागून वाचलं आणि डोकं दुखायला लागलं म्हणून पुढे ढकललं. त्यांनीच मग विषय सोडला.

आणखी तीन गोष्टी करारात बघा: प्रचाराच्या खर्चाला वरची मर्यादा आहे का, त्यांनी मधेच प्रकल्प सोडला तर दिलेले पैसे परत मागणार का, आणि ठरावीक वर्षांनी हक्क तुमच्याकडे परत येतात का. पहिल्या गेमला आणि दोन हजार विशलिस्टला चांगला पब्लिशर येतच नाही, त्यामुळे हा प्रश्न तुम्हाला आत्ता पडलेला नाही असं समजा. सरकारी मदतीचं विचाराल तर राज्यानं २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलंय. चांगलंच आहे. घराचा हप्ता त्याच्या भरवशावर ठेवू नका.

मग करायचं काय? नोकरीत राहून डेमो बनवा. आधी मात्र ऑफर लेटर काढून बघा. नोकरीत असताना बनवलेली प्रत्येक गोष्ट कंपनीच्या मालकीची असं कलम आयटीत सर्रास असतं, आणि बाहेरचं काम करायलाही मनाई असते. तसं असेल तर एचआरकडून लेखी परवानगी घ्या, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर एक ओळही लिहू नका. स्टीमवर गेमची नोंदणी १०० डॉलरची आहे, १,००० डॉलरची विक्री झाली की ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून तीस दिवस थांबावं लागतं आणि ‘लवकरच येत आहे’चं पान किमान दोन आठवडे दिसावं लागतं. तुम्ही मात्र ते वर्षभर आधी लावा, विशलिस्ट तिथेच जमते. नेक्स्ट फेस्ट हा स्टीमचा डेमो दाखवण्याचा महोत्सव वर्षातून तीनदा असतो आणि एका गेमला एकदाच भाग घेता येतो. अर्धवट डेमो घेऊन ती संधी घालवू नका. आम्ही दुसऱ्या गेमच्या वेळी थांबलो आणि त्याचा उपयोग झाला. त्या फेस्टनंतर विशलिस्ट सात-आठ हजारांवर गेली तर राजीनाम्याचा विचार करा. दीड हजारावर अडकली तर हा गेम छोटा करा, नोकरीत राहूनच संपवा, ४.९९ ला विका आणि दुसरा सुरू करा. माझा दुसरा गेम असाच होता. नऊ महिने, खर्च ६ लाख २० हजार, २०२१ मध्ये आला, दोन वर्षांत ८,४०० प्रती, हाती १० लाख ४० हजार. प्रतीमागे सव्वाशे रुपयेसुद्धा नाहीत. तरी वहीत पहिल्यांदा खर्चाच्या बाजूपेक्षा कमाईची बाजू मोठी झाली.

इंजिनसाठी पैसे घालू नका. गोडो हे इंजिन फुकट आहे. २०२३ च्या सप्टेंबरात युनिटी या दुसऱ्या इंजिनच्या कंपनीनं प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लावायचं जाहीर केलं आणि वर्षभरानं मागे घेतलं, पण त्या वर्षात कितीजणांनी अर्ध्यावरचे गेम दुसरीकडे हलवले. तुमचा नमुना युनिटीत असेल तर असू द्या, हलवण्यात सहा महिने जातील.

राजीनाम्याच्या आधी, कितीही घाई असली तरी, आरोग्य विमा स्वतःचा घ्या. कंपनीचा विमा शेवटच्या दिवशी संपतो. आईवडिलांना साखर किंवा रक्तदाब असेल तर नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ते घड्याळ नोकरीत असतानाच सुरू करा. माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी गेमच्या विसाव्या महिन्यात झाली. वहीतलं ते पान मी इथे मांडलेल्या बेरजेत धरलेलं नाही.

मित्रांना ‘गेम विकला की देतो’ म्हणून कामाला लावू नका. चाव्या, म्हणजे गेम फुकट मिळवून देणारे कोड, मागणारे मित्र वेगळे, ते येणारच. मी चाळीस जणांना फुकट दिल्या, अकरा जणांनी उघडून पाहिल्या. आणि ई-मेलवर ‘माझे दोन लाख फॉलोअर आहेत, पाच चाव्या पाठवा’ म्हणणारे बहुतेक त्या पुढे विकतात. मी बोलतोय ते काम करणाऱ्यांबद्दल. आमच्या पहिल्या गेमचं संगीत कळव्याच्या एका मित्रानं केलं. हार्मोनियमचा भाता नुसता ओढून काढलेला श्वासाचा आवाज आहे त्यात, तळघराच्या पायऱ्या उतरताना येतो. त्यावर परदेशातून लोकांनी लिहिलं. त्याला रोख दहा हजार आणि पुढे आठ टक्के असं ठरलं होतं, चहाच्या टपरीवर, तोंडी. पहिल्या वर्षाचे आठ टक्के ३५ हजार झाले. तेव्हा आमच्याकडे नव्हते, मी दोन हप्त्यांत दिले, दुसरा सात महिन्यांनी. तो एका शब्दानं बोलला नाही. दुसऱ्या गेमला विचारलं तेव्हा म्हणाला, सध्या लग्नसराई आहे.

तो पहिला गेम अजून जुन्या भागीदारीच्या खात्यावर विकला जातो. गेल्या महिन्यात ६१ डॉलर झाले. शंभरच्या खाली असले की स्टीम पाठवत नाही, पुढच्या महिन्यात धरतं. आले की त्यातले आठ टक्के मी त्याच दिवशी त्याला यूपीआय करतो. साधारण आठ-नऊशे रुपये होतात. तो अंगठा पाठवतो.